कमरेतली निळी चिंधी

काउलून, हाँगकाँग
१० मार्च १९९६

चि. लमाईस अनेक आशीर्वाद आणि एक टपली.

आईच्या नाचाच्या पोशाखाची पेटी पोचली. तुझ्या जावयाने विमानात ती अख्खा वेळ मांडीवर धरली, पायाशी ठेवली नाही. बरा निघाला मुलगा.

इथे मात्र रण माजलं आहे. सोंगक्रानच्या नववर्षाला आमच्या थाई मैत्री मंडळाच्या कार्यक्रमात प्लॉय हा पोशाख घालून नाचणार. माझी ही नात तोडकंमोडकं थाई बोलते, पण हात अगदी आईचे. मंडळाच्या अध्यक्ष पुसदीबाई भर सभेत म्हणतात, पोशाख अंगावर शिवत बसण्याचे दिवस गेले, बँकॉकला तयार मिळतात, झिप ओढली की झालं! वर माझ्या चष्म्याकडे बघून हसल्या. मोतीबिंदू मला झालाय, अक्कल त्यांची गेली आहे. मी सांगून टाकलं, नातीच्या अंगावर पोशाख मीच शिवीन. त्यावर त्यांनी ठरवलं की वेळेत शिवून झालं नाही, तर प्लॉयऐवजी त्यांची भाची नाचेल. भाची झिपसह तयारच आहे.

आता टपलीचं कारण. पोशाखात कमरेपाशी, आतल्या बाजूने, बोटभर निळी चिंधी शिवलेली आहे. जरीच्या कापडाला सुती चिंधी? कुणाचा हा गलथानपणा? आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पाहिलं असतं, तर उसवायला लावून वर दिवसभर उभं केलं असतं. गणवेशाला भोक पडलं म्हणून मला केलंच होतं, आणि ते कसं पडलं हे मला आजतागायत कळलेलं नाही. चिंधी काढून टाकू ना?

प्लॉयला आशीर्वाद पाठव. पुसदीबाईंना नको.

तुझी ताई,
ओरापिन


फेचबुरी
२१ मार्च

ती. ओरापिनताईस, गुडघे वाकत नाहीत म्हणून उभ्यानेच नमस्कार.

चिंधीला हात लावू नकोस. आई कुणाला तिला हात लावू देत नसे, एवढंच मला ठाऊक आहे. आईला दर वेळी मोठी मावशीच शिवायची. सोंगक्रानला आशीर्वादासाठी तिच्या हातांवर पाणी घालायला जाईन, तेव्हा विचारते. ऐकू कमी येतं, पण जुनं सगळं लख्ख आठवतं.

डोळ्यांची काळजी सोड. मावशी म्हणायची, सुई बोटांनी बघते. दोऱ्याला मेण लाव, आधी गुरूंना हात जोड आणि शिवताना तोंड बंद ठेव. हे शेवटचं तुला जमेल असं मला वाटत नाही.

ताडगूळ पाठवला आहे. तो खाऊन तरी जिभेवर थोडी साखर येऊ दे.

तुझी धाकटी,
लमाई


काउलून
१४ एप्रिल

चि. लमाईस आशीर्वाद. आज तक्रार करायला काही नाही, त्यामुळे पत्र कसं लिहावं तेच कळेना.

सकाळपासून प्लॉय कार्यक्रमाच्या शाळेतल्या एका वर्गात उभी. बसायचं नाही, पाणी नाही. मी बोटांनी चाचपत शिवत होते. पुसदीबाई घटकेघटकेला डोकावून विचारायच्या, आजी, झालं का? चौथ्यांदा मला राहवलं नाही. सुई चालवता चालवता मी त्यांची सगळी वंशावळ काढली.

शेवटचा टाका घातला, दोरा तोडला, नाव पुकारलं गेलं. प्लॉय निघाली आणि तिच्यामागून मीही निघाले! बोलण्याच्या नादात माझ्या अंगावरचा लग्नातला रेशमी शेला मी तिच्या कमरेला शिवून ठेवला होता. पुसदीबाई दार धरून हसल्या. म्हणाल्या, झिप असती तर आजीबाई सुटल्या असत्या. प्लॉयने कात्री उचलली आणि मोडक्या थाईत विचारलं की काय कापू. मी म्हटलं, शेला काप. तिने कापला. तुकडा तिच्या कमरेत राहिला.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. मैदानात ती उभी राहिली, मान जराशी वळवली, आणि लमाई, ती आई होती. मोतीबिंदूतून मला चेहरा दिसत नव्हता, नुसती मान आणि बोटं. तेवढ्यात विमान आलं, इथे येतात तसं, छपरांना घासत. कॅसेट पार बुडाली. मला वाटलं, संपलं, पोर थांबणार. ती थांबली नाही. त्या सगळ्या गडगडाटाखाली तिचे हात संथ फिरत होते, जणू वर आभाळ रिकामंच आहे. विमान गेलं, गाणं परत ऐकू आलं, आणि त्याच ठोक्यावर तिचं पाऊल पडलं. मैदानात कुणी खोकलं नाही. शेजारी पुसदीबाई हात जोडून उभ्या होत्या. माझेही जोडलेले होते, कधी ते ठाऊक नाही.

पोशाख उतरवला आहे. शेल्याचा तुकडा अजून आतच आहे. उद्या उजेडात उसवीन.

तुझी,
ओरापिन


फेचबुरी
२५ एप्रिल

ती. ताईस नमस्कार. उसवला नसलास तर थांब.

मावशीच्या हातांवर पाणी घातलं आणि चिंधीचं विचारलं. ती इतकी हसली की पाणी सांडलं. मग रडली.

तू सहा वर्षांची होतीस. कॉन्व्हेंटमधून तशीच गणवेशात आलीस, स्टुलावर बसलीस आणि आईच्या कमरेला डोकं टेकून झोपलीस. मावशी शिवत होती. बोलतही होती, तू तिच्यावरच गेली आहेस. आई नाचायला निघाली तर तुझा निळा स्कर्ट तिच्याबरोबर ओढला गेला. मावशी तुला हलवून उठवणार होती. आईने तिचा हात धरला आणि कात्री मागितली.

नंतर दर कार्यक्रमाआधी मावशी ती चिंधी उसवायला बसायची. आणि आई दर वेळी म्हणायची, राहू दे गं, झोपली आहे ती.

तुझी,
लमाई