फुकटची वचनं

बाई, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण माझा संशय काही गेला नाही. अकोल्याच्या मिशनच्या आवारात तुमच्या घरी मी रोज सकाळी मेथीच्या आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन यायचे. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून भाजी निवडता निवडता बायबलमधलं एक वचन म्हणायच्या, मी मागून म्हणायचं, पाठ झालं की घरी जायचं. तुम्ही शाळेतून रिटायर झालेल्या, मी भाजीवाल्या माळ्याची पोर. एकदा कारण विचारलं तर म्हणालात, "तुह्यं पाठांतर चांगलं आहे, वाया कायले घालवते?"

बाबांना हे पटत नव्हतं. "फुकट कोनी कोनाले काही शिकवते का? ते बाई कधी ना कधी मांगनच काहीतरी. तू सरळ नाही म्हन." एक दिवस ते स्वतःच भाजीची पाटी घेऊन माझ्याबरोबर आले आणि वचन पाठ होईस्तोवर ओसरीवर बसून राहिले. त्या दिवशी मेंढपाळाचं वचन होतं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे'. बाबा कान देऊन ऐकताहेत हे दिसत होतं, तरी तुम्ही आवाज कमी-जास्त केला नाहीत. उलट त्यांना चहा दिलात. परतताना बाबा म्हणाले, "गोड बोलते. म्हनूनच जपून राहा."

मी जपून राहिले. नाताळ आला की वाटायचं, आता चर्चला ये म्हणतील. एका नाताळला तुमच्या रविवारच्या बायबलच्या वर्गातल्या मुलींना तुम्ही घरोघर जाऊन चर्चला बोलावलंत. माझ्या हातात करंज्यांचा डबा दिलात आणि म्हणालात, "जाय, बाबा वाट पाहत असतीन." माझं 'नाही' तोंडातच राहिलं.

मागच्या महिन्यात अमरावतीला आमच्या ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. मी बाहेर बाकावर बसले आहे, दार बंद आहे, सून अंबादेवीचा अंगारा घेऊन शेजारी उभी आहे, आणि माझ्या तोंडून निघतंय ते मेंढपाळाचं वचन. तुम्ही जिथं श्वास घ्यायच्या, तिथंच मीही थांबते आहे. धीर आला हे खरं, आणि लगेच रागही आला. अशाच वेळेसाठी पेरून ठेवलं होतं का, बाई? काही न मागता माणसाच्या आत घर करून बसायचं, हाच तुमचा डाव होता का? हे बरे होऊन घरी आले, तरी मी अजून शोधते आहे की यात तुमचा फायदा काय. सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून संशय वाढतो.

हे पत्र कपाटात साड्यांच्या खाली जाईल. घरात कोणी विचारलंच तर काहीतरी सांगेन. पण तुम्हाला सांगते. त्या नाताळच्या सकाळी भाजी घेऊन येताना मी दिवाळीचा फ्रॉक घातला होता. तुम्ही बोलावलं असतं, तर मी नाहीच म्हटलं असतं. पण बोलवायचं तरी होतं, बाई.