शिफ्टची शिफारस

दौंड,
१६ जानेवारी २०२५

चि. सुदर्शन,
सप्रेम जय भीम.

शिरूरला तुमची शेवंती यंदा चांगली आल्याचं कळलं. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? नुसतं तेल चोळत बसू नका, डॉक्टरला दाखवा. रोहन कुरकुंभलाच आहे, त्याच कंपनीत, त्याच खोलीवर. फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर मी फक्त हुकूम सोडते.

आमच्या निवृत्त शिक्षकांच्या वाचन गटात एक गाजलेली अमेरिकन कथा घेतली होती. डोंगरावर मेंढ्या राखणारे दोन पुरुष, त्यांचं एकमेकांवरचं प्रेम आणि पुढे दोघांनी केलेली लग्नं. भाषेबद्दल मी अर्धा तास बोलले. आशयाचं म्हणशील तर, 'तिकडचे प्रश्न' म्हणून विषय संपवला. रोहनला हे सांगितलं, तर रविवारी त्यानं त्या कथेवरचा सिनेमा मला लॅपटॉपवर दाखवला.

त्यातल्या एकाच्या बायकोला कळतं, तो भाग वाचताना मी भरकन ओलांडला होता. सिनेमात तिचा चेहरा ओलांडता येईना. मी विचारलं, या बाईचं पुढं काय होतं?

रोहन म्हणाला, "आई, शितलचं काय होईल ते विचार."

शितल भांडगावची. गुणी मुलगी, डी.फार्म. झालेली. येत्या रविवारी साखरपुडा होता. रोहन नको म्हणत नाही, एवढ्यावर मी त्याचा होकार धरला होता. सोमवारी स्वतः जाऊन, चूक माझी आहे असं सांगून लग्न मोडलं. तिचे वडील पोपटराव म्हणाले, "बाई, तुमी शिकल्याल्या. आधीच का न्हाई सांगितलं?"

आता ज्यासाठी कागद घेतला, ते.

तीन वर्षांपूर्वी तुझी रात्रपाळी झाली आणि रोहनची दिवसपाळी राहिली. एक खोलीवर येई तेव्हा दुसरा निघालेला. तुला वाटलं वेगळी पाळी त्यानं मागून घेतली, त्याला वाटलं तू. दोघंही मानी. दोन महिन्यांत तू नोकरी सोडून गेलास.

ती शिफ्ट मी बदलून घेतली. तुमचा सुपरवायझर दत्ता माझा विद्यार्थी. एकदा न कळवता डबा घेऊन खोलीवर आले होते, तेव्हा जे समजायचं ते समजले होते. दत्तानं कारणही विचारलं नाही. "बाई, तुमी सांगितलं म्हंजी झालं." वर्गात दोन मुलांचं फार जमायला लागलं की मी त्यांचे बाक बदलायची. पस्तीस वर्षं तेच केलं. तुमचंही तसंच केलं.

रोहनला हे अजून माहीत नाही. पत्र पोस्टात टाकून तशीच कुरकुंभला जाते आहे. त्याची सुटी झाली की सांगेन. आधी पत्र, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. तो काय बोलेल ते ऐकून घेईन.

तू यावंस की नाही, हे तू ठरव. यात माझी शिफारस नको.

माफी मागायची मला सवय नाही. मागते आहे.

रोहनची आई,
गौतमी साळवे