मी सुधारलेलं दोनशे बारावं पत्र

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (‘वाकून’ हा शब्द अलंकार म्हणून वापरलेला नाही. परवापासून कंबर धरली आहे आणि सरळ उभं राहून नमस्कार करणं मला तूर्त शक्य नाही.)

सर्वप्रथम एका गंभीर विषयावर तक्रार नोंदवतो. तू पाकिटाला डिंक लावतेस तो पत्र बंद करण्यासाठी की जहाजाची भोकं बुजवण्यासाठी, याचा एकदा खुलासा व्हावा. तुझं पाकीट मी वाफेवर धरलं, सुरीने खरवडलं, शेवटी ओढलं, तर दुसऱ्या पानाचा कोपरा आतच राहिला. परिणामी ‘माझे गुडघे आता अगदी’ इथे वाक्य संपतं. अगदी काय? विशेषणावाचून तुझे दोन्ही गुडघे आठवडाभर अधांतरी आहेत. तुझ्या भावजयीचं म्हणणं, बरे असावेत, कारण पुढच्या ओळीत तू गच्ची झाडल्याचं लिहिलं आहेस. माझं म्हणणं, वाईट असावेत, कारण तू गच्ची झाडलीस. भावोजींना नमस्कार सांग आणि गुडघ्यांचं विशेषण त्यांच्या हातून वेगळ्या कागदावर कळव.

आता माझं. महाविद्यालयाने संस्कृतचा वर्ग बंद केल्यापासून (शेवटच्या वर्षी विद्यार्थी दोन होते, पैकी एक पंख्यासाठी यायचा) मी त्या संस्थेत जातो हे तुला ठाऊक आहेच. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर तिसरा मजला, चार टेबलं, एक पोलादी कपाट आणि भिंतीवर जगाचा नकाशा. या चार टेबलांवरून आम्ही मुलांच्या हक्कांसाठी जगभर जनमत उभं करतो. हसू नकोस, मी पहिल्या दिवशी हसून घेतलं आहे. चाळीसेक देशांतली मुलं आम्हाला पत्रं पाठवतात, ती इथे मराठीत उतरवली जातात. मोठ्या माणसांना तुम्हाला काय सांगायचं आहे, एवढंच त्यांना विचारलेलं असतं. टंकलेखिका त्या पत्रांतली नावं, गावं, शाळा गाळते, आई, काका, मामा जे कोणी असेल तिथे ‘घरातलं मोठं माणूस’ किंवा ‘नातेवाईक’ घालते (मुलांना पुढे त्रास होऊ नये म्हणून हा नियम आहे आणि तो योग्यच आहे), क्रमांक टाकते आणि कागद माझ्या टेबलावर येतो. मी भाषा बघतो. मग पत्रं पुन्हा त्या त्या भाषांत जाऊन फलकांवर, वर्तमानपत्रांत, मंत्र्यांच्या टेबलांवर पोचतात, आणि ती वाचून लोकांनी मुलांच्या बाजूने उभं राहावं अशी अपेक्षा असते.

भाषा बघतो म्हणजे काय करतो, ते लिहायला आज लाज वाटते, पण तुझ्यापासून काय लपवू. एका मुलीने लिहिलं होतं, आमच्या शाळेच्या संडासाला आतून कडी नाही म्हणून मी दिवसभर पाणी पीत नाही. मी म्हटलं, जगापुढे संडास कसा न्यायचा? मी केलं, ‘विद्यार्थिनींस सुरक्षित स्वच्छतासुविधा लाभणे अगत्याचे आहे.’ एकाने लिहिलं होतं, घरातलं मोठं माणूस झोपलेलं असलं की मी मोजे घालून चालतो. मी केलं, ‘भयमुक्त गृहजीवन ही बालविकासाची पूर्वअट होय.’ दोनशेच्या वर पत्रं मी अशी धुऊन, इस्त्री करून दिली. संचालकबाई प्रसन्न होत्या. सगळी पत्रं आता कशी एका सुरात बोलतात, म्हणाल्या. तुझी भावजय एक दिवस डबा द्यायला आली होती, तिने चार वाचली आणि म्हणाली की सूर तुमचाच आहे, आणि दहा वर्षांची मुलं अशी बोलायला लागली तर मी त्यांना आधी डॉक्टरकडे नेईन. मी तिला शैलीचं महत्त्व समजावून सांगितलं. (तिने डबा उघडून दिला. तिचा वाद घालण्याचा हा प्रकार तुला माहीत आहे.)

यात दोनशे बारावं पत्र आलं. मजकूर मला आता पाठ आहे. ‘माझ्याबद्दल सगळं ठरतं आणि ठरल्यावर मला कळतं. मला शिकायला नातेवाइकांकडे राहायला पाठवणार आहेत. जेवताना मी तीनदा सांगायला सुरुवात केली. तीनही वेळा घरातल्या मोठ्या माणसाने मधेच माझं वाक्य नीट करून दिलं. मग मी जेवले.’ वाचून मी कळवळलो, ताई. हे मोठं माणूस म्हणजे बापच असणार हे मी ताडलं (बुद्धी एवढी चालली, पुढे चालली नाही). टंकलेखिकेला म्हटलंसुद्धा, काय एकेक बाप असतात बघा. मनाशी मी त्याला कुठल्याशा थंड देशात बसवलं, लोकरीची टोपी घातली, आणि दुपारभर त्याच्यावर दात खात बसलो. मग कामाला लागलो. जेवण कापलं, कारण घरगुती तपशील. तीनदा कापलं, कारण पुनरुक्ती. ‘मग मी जेवले’ हे तर विषयाला सोडूनच होतं. उरलं ते असं: ‘बालकांशी संबंधित निर्णयप्रक्रियेत त्यांच्या मतास यथोचित स्थान असावे.’ बाईंनी तेच वाक्य मुख्य फलकासाठी निवडलं. सतरा देशांत गेलं.

फलकाचं अनावरण इथल्या सभागृहात झालं. पाहुणे होते, पत्रकार होते, आणि ‘मुलांचं ऐकावं कसं’ या विषयावर माझं भाषण होतं. मी भिंगरीला मुद्दाम नेलं. बापाचं काम बघू दे, म्हटलं. ती फलकासमोर बराच वेळ उभी राहिली. अकरा वर्षांच्या मुलीने ‘यथोचित’पाशी अडावं हे मला साहजिक वाटलं, म्हणून अर्थ सांगायला पुढे झालो. तिने खालचा बारीक क्रमांक वाचला. तिच्या वर्गातली पत्रं शाळेतल्या बाईंनी आमच्याकडे पाठवली होती आणि संस्थेकडून कळलेला क्रमांक प्रत्येकीला सांगितला होता, हे मला नंतर कळलं.

“कसं वाटलं?” मी विचारलं.

“छान आहे,” ती म्हणाली. “पण बाबा, मी असं नव्हतं लिहिलं.”

एवढ्यात माझ्या नावाचा पुकारा झाला. ताई, मी व्यासपीठावर गेलो आणि वीस मिनिटं बोललो. मूल बोलू लागलं की मोठ्यांनी आधी गप्प बसावं, इथून सुरुवात केली. भाषण पाठ होतं, तोंड आपलं आपण चालत राहिलं, आणि मी पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्याकडे सोडून सगळीकडे बघत होतो. संपल्यावर तिनेही टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी वाजवल्या तशाच. एक पत्रकार पुढे येऊन मला म्हणाला, तुमच्या घरी मुलं भाग्यवान असतील. मी आभार मानले. (यापेक्षा कमी लाजिरवाणं काही मी त्या दिवशी केलेलं आठवत नाही.)

दुसऱ्या दिवशी पोलादी कपाट उघडून मूळ पत्र काढलं. हस्ताक्षर समोर आल्यावर बाकी काय राहिलं? शेवटी एक ओळ होती, नियमात बसत नाही म्हणून टंकलेखिकेने अख्खीच गाळलेली. ‘आत्या चांगली आहे, तिच्यावर माझा राग नाही.’ तो कागद घेऊन मी बराच वेळ कपाटाला टेकून उभा होतो. कंबर धरली ती त्यातच. मग संचालकबाईंकडे जाऊन म्हटलं की माझी सगळी वाक्यं काढून मुलांची परत घाला. त्या म्हणाल्या, गेलेले फलक परत आणता येणार नाहीत, पुढच्या खेपेला पत्रं आली तशी छापू. हे त्यांनी इतक्या चटकन मान्य केलं की त्यांनाही भाषा आवडत नव्हती की काय अशी शंका आली. संडासाची कडी आता पुढच्या फलकावर आहे. मोजेही आहेत.

घरी तुझ्या भावजयीला सगळं सांगितलं. तुम्ही दोघा बहीण-भावांनी फोनवर ठरवलंत, म्हणाली, मलाही रविवारी कळलं. हे खरं आहे. तुझ्याकडची शाळा मोठी, तुझं घर मोकळं, पोरीचं भलं होईल, असं आपण दोन फोनमध्ये ठरवून टाकलं, आणि तू तर खोलीला रंगही दिलास. तुझा यात काही दोष नाही. पोरीचंही ठरलेलं आहे अशा थाटातच मी तुझ्याशी बोललो.

कळावे. लोभ आहे तो राहू दे, आणि गच्ची भावोजींना झाडू दे.

तुझा,
धाकटा

ता. क. कंबरेचं मनावर घेऊ नकोस. औषध म्हणून तेल पाठवू नकोस, मागचं अजून संपलेलं नाही.

आणखी ता. क. सहा पानं लिहिली, पण मागायचं होतं ते इथेच मागतो. भिंगरीला एक पत्र लिही. माझ्या पत्रात घालू नकोस, वेगळं, तिच्या नावाने पाठव. तुला यायचं आहे का, एवढंच विचार. खोलीच्या रंगाबद्दल लिहू नकोस, नाहीतर तुझं मन मोडेल म्हणून हो म्हणेल. तिचं उत्तर मला वाचून दाखवू नकोस. ती नाही म्हणाली तर नाही, मी शाळेला कळवतो.

शेवटचं. तू म्हणशील, तूच का विचारत नाहीस. विचारलं, ताई. काल जेवताना विचारलं आणि गप्प बसलो, खरंच गप्प बसलो. ती म्हणाली, “तू म्हणशील तसं, बाबा,” आणि भाजी पुढे केली. रागावली असती तर मी समजूत काढली असती. ती मला काही सांगायची थांबली आहे, आणि पुन्हा कधी सांगेल की नाही, मला माहीत नाही.