दोडक्यावरच्या माशीचा फोटो

सुपा, ता. ४ ऑगस्ट १९४६

चि. मार्तंड यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा पाय अजून प्लास्टरमध्येच आहे, असं नीलांबरीने कळवलं. बायकोला फार छळू नकोस. काड्यापेटीतून पाठवलेल्या माश्यांचा टपालात भुगा झाला, म्हणून तू सुचवलंस तसा फोटो काढवून आणला. नगरच्या फक्रुद्दीनने कॅमेऱ्याचा भाता हातभर ओढून माशी चांगली चिमणीएवढी केली आहे. शाळेत सिस्टर आमच्याकडून फुलांची चित्रं काढवून घेत. माश्यांची काढवली असती, तर ही मोटारीतली दगदग वाचली असती.

शेजारच्या गनीभाईंचे दोडके यंदाही अळ्यांनी नासले. माश्या माझ्या पेरूंतून येतात, झाडं काढा, असं ते म्हणतात. ह्यांनी हाताने लावलेली पाच झाडं रे. पण गनीभाईंचं घरही त्या वेलांवरच चालतं. ह्यांच्यामागे भांडायचं त्राण मला उरलेलं नाही. माशी त्यांच्याच वेलावर धरली आहे. किडे ओळखणं हे तुझं रोजचंच काम, तेव्हा ती कुठली, हे तू सांगायचं आणि आम्ही दोघांनी ऐकायचं, असं ठरलंय.

जपून राहा, माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी विजयाताई

पुणे, ता. ९ ऑगस्ट

ती. विजयाताईस सा. न. वि. वि.

फोटो खिडकीशी धरून भिंगातून पुन्हा पुन्हा पाहिला. दोडक्याची माशी आणि पेरूची माशी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. त्यांच्या खुणा लिहून तुला शिणवत नाही. पण ही पेरूचीच माशी आहे. ती कधीमधी वेलावरही जाते. दुसरं उत्तर निघावं म्हणून फार धडपडलो, निघालं नाही. गनीभाईंचं खरं आहे. दाजींच्या झाडांबद्दल हे मलाच लिहावं लागलं, याचं वाईट वाटतं.

मायेचा हात पाठीवर असू दे.
तुझा मार्तंड

सुपा, ता. १८ ऑगस्ट

चि. मार्तंड यास अ. उ. आ.

काल तीन झाडं पडली. उरलेली दोन बाजारच्या दिवसानंतर. कुऱ्हाड आमच्या गड्याने, आसारामने चालवली. गनीभाई आले नाहीत. ते सकाळपासून जेवले नाहीत, असं त्यांच्या बिस्मिल्लाभाभी कुंपणाशी येऊन सांगून गेल्या. अंगणात एकदम ऊन आलंय, डोळ्यांना सहन होत नाही.

तू मनाला लावून घेऊ नकोस. फोटो तुझ्याकडेच ठेव. फक्रुद्दीनने फार जीव ओतून केला होता. माशीच्या पंखांवर डाग होते, तेसुद्धा त्याने निगेटिव्हच्या काचेवर पेन्सिल फिरवून घालवले. लग्नाच्या मुलींच्या तोंडावरचे देवीचे व्रण तो असेच काढतो. पुण्याला साहेबांकडे जायचा फोटो मळका कसा द्यायचा, म्हणाला.

थकले आहे, आज एवढंच. लोभ असू दे.
तुझी विजयाताई

पुणे, ता. २० ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

तार केलीच आहे. कुऱ्हाड थांबव.

ते डाग हीच खूण, ताई. दोडक्याच्या माशीच्या पंखाच्या टोकाला ठळक डाग असतो आणि आत एक आडवा पट्टा. पेरूच्या माशीचा पंख जवळजवळ कोरा. फोटोत रंग कळत नाही, म्हणून मी सगळी भिस्त पंखावर ठेवली. तुला शीण नको म्हणून खुणा लिहिल्या नाहीत. लिहिल्या असत्या, तर तूच मला अडवलं असतंस. फक्रुद्दीनला काचेवरची पेन्सिल पुसून पुन्हा छापायला सांग. आणि किडके दोडके रोज वेचून खोल पुरले, तर माशी हटते, हे गनीभाईंना सांग.

रागावलीस तरी पत्र लिही.
तुझा मार्तंड

सुपा, ता. २९ ऑगस्ट

चि. मार्तंड यास अ. उ. आ.

तार वेळेवर पोचली, दोन झाडं उभी आहेत. नगरला जाऊन आले. फक्रुद्दीनने काच पुसली, पुन्हा छापलं. दोन्ही पंखांवर डाग आणि पट्टा, तू लिहिलेस तसेच. तो माझ्याकडे बघेना. मीच त्याच्याकडे चहा मागितला.

संध्याकाळी गनीभाई ओट्यावर बसून नवा फोटो बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "बाई, आता माजे येल तुमी उपटा. म्हंजी फिटाफिट हुईल."

मी म्हटलं, "नको, गनीभाई. उपटायचाही आता कंटाळा आला."

तू सांगितलेलं वेचण्या-पुरण्याचं त्यांना सांगितलं. ते उठून टोपलं घेऊन आले. मग अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं त्यांच्या वेलांखाली वाकून किडके दोडके वेचत होतो.

कंबर धरली आहे, पण रागावलेले नाही. नीलांबरीला आशीर्वाद. पाय बरा झाला की ये.
तुझी विजयाताई