लाइट गेली तरी थांबायचं नाही

३ सप्टेंबर

आजपासून मी ‘नुहास’ बँडचा ड्रमर! हे वाक्य लिहून दोनदा वाचलं. इतकी वर्षं लग्नाच्या हॉलांत नवरानवरीच्या नाचामागे धडधड केली, आता खरं काम. शाळेत असताना मी ज्यांची कॅसेट चोरून ऐकायचो आणि जिच्यापायी आईने माझा वॉकमन गच्चीवरून खाली फेकला होता, त्यांच्याच मागे मी बसणार. आई म्हणाली, केसाळ माणसांच्या किंचाळण्याचा एवढा आनंद? मग बस्तुर्मा, म्हणजे मसाल्यातलं वाळवलेलं मांस, घालून अंडी केली, म्हणजे रागावलेली नव्हती.

तालमीची जागा बैरूतच्या फर्न अल-शुब्बाक भागातल्या एका इमारतीखाली आहे. युद्धात लोक लपायचे ते तळघर. जाड भिंती, एकच दार, खिडकी नाही. नझीह गिटार वाजवतो. बँड त्यानेच काढला, एरवी त्याचं चष्म्याचं दुकान आहे. रुकुझ बेस वाजवतो आणि गातो, म्हणजे घशात दगड भरडतो. सकाळी हाच माणूस शाळेची बस चालवतो आणि पोरांशी इतकं हळू बोलतो की हसू येतं. हे दोघे पहिल्यापासूनचे. ड्रमर मात्र टिकत नाहीत, माझ्याआधी पाच झाले. पहिला कमील कॅनडाला गेला, नंतरचा दुबईला, तिसरा एलियास स्वीडनला, बाकीचेही असेच कुठे कुठे. यात नवल काही नाही, बैरूतमध्ये निम्म्या लोकांचा पत्ता असाच सांगतात. जाणाऱ्याने बँडचा काळा शर्ट इथेच सोडायचा अशी रीत आहे. पाच शर्ट भिंतीवर पाच खिळ्यांना लटकताहेत. मला नवा मिळाला, तो तिथेच अंगात घातला.

निघताना नझीहने नियम सांगितला. लाइट गेली की गिटार आणि बेस मुके होतात. ड्रमला वीज लागत नाही. म्हणून जनरेटर सुरू होईपर्यंत ड्रमरने थांबायचं नाही, गाणं त्याने धरून ठेवायचं. मी म्हटलं, यात अवघड ते काय? रुकुझ म्हणाला, “सगळे हेच म्हणतात, उस्ताद.”

७ सप्टेंबर

आज दुपारी गाण्याच्या ऐन मध्यावर लाइट गेली. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. बाकीचं सगळं एकदम गप्प आणि त्यात एकटा मी. हात आपोआप चालत राहिले. लाइट आली तेव्हा दोघेही बरोबर त्याच ठोक्यावर आत आले, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. अंगावर काटा आला, आनंदाने. हा नियम ज्याने काढला त्याला सलाम.

अंधारात कुणीतरी मांडीवर बोटांनी ताल धरला होता. रुकुझ असणार. त्याची सोबत बरी वाटली.

१५ सप्टेंबर

वैताग आहे नुसता. मी म्हणे छान वाजवतो, पण कमीलसारखं नाही. कमील इथे उजव्या हाताने सुरू करायचा. कमील इथे एक ठोका उशिरा यायचा. तो चुकून उशिरा आला होता हे बहिऱ्यालाही कळेल, पण कॅसेटमध्ये आहे म्हणून चूकसुद्धा पवित्र! आज तर नझीह मला कमीलच म्हणाला. मी म्हटलं, माझं नाव वारूझान. तो म्हणाला, “अरे हो हो, रागावू नकोस राजा.” आणि पाचच मिनिटांत पुन्हा कमील.

तरी गिळून गप्प बसलो, कारण त्याने शब्द दिलाय. जुनी गाणी जशीच्या तशी बसवली तर नव्या अल्बमवर माझं एक गाणं येईल आणि कव्हरवर माझं नाव. मला आयुष्यात एवढंच हवंय. आमच्या बुर्ज हम्मूद वस्तीतल्या प्रत्येक दुकानात तो अल्बम नेऊन दाखवणार आहे, शिंप्यापासून सोनारापर्यंत. लग्नातला ढोलवाला म्हणून ज्यांनी ज्यांनी मला हिणवलं, त्या सगळ्यांना.

२१ सप्टेंबर

रुकुझला विचारलं, अंधारात ताल धरतोस तो तूच ना? तो म्हणाला, अंधारात मी श्वाससुद्धा घेत नाही.

योगायोगाने एलियासची आई, उम्म एलियास, भेटली. आमच्याच गल्लीतून भाजी घेऊन चालली होती. उम्म एलियासला माझ्या अंगावरचा शर्ट ओळखू आला. तिने माझी बाही धरली आणि विचारलं, “तुझ्याकडे त्याचा स्वीडनचा नंबर आहे का रे बाळा?” जाताना तो तिला भेटलासुद्धा नव्हता. तो गेल्याचं नझीहने घरी येऊन सांगितलं. “तिकडे गेल्यावर पोरांना वेळ होत नाही,” असं ती मलाच समजावत होती. चार वर्षं झाली.

मला भीती नाही वाटली, चीड आली. आईला एक फोन करता येत नाही?

२८ सप्टेंबर

नझीहने माझं गाणं माझ्याकडून काढून घेतलं. नन्नाचा पाढा महिनाभर ऐकतोय, पण आज कहर झाला. म्हणे गाणं चांगलं आहे, ठेवूही, पण ड्रम कमीलच्या पद्धतीने हवेत आणि कव्हरवर नावही कमीलचंच जाईल, लोकांना तेच माहीत आहे. तळपायाची आग मस्तकात गेली. माझं गाणं, माझे हात आणि नाव त्याचं? रुकुझ खाली बघून बेसच्या तारा पुसत राहिला.

तरी वाजवायला बसलो. कशाला बसलो? मध्यावर लाइट गेली आणि मी ठरवलं, बास. धरा तुमचं गाणं तुम्हीच. काठ्या ड्रमवर ठेवल्या, उठलो आणि चाचपडत भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो.

ड्रम थांबले नाहीत.

माझ्यासमोर, तिथेच, कुणीतरी वाजवत होतं. एक ठोका उशिरा.

लाइट आली. स्टुलावर कुणी नव्हतं. झांज अजून थरथरत होती. नझीह रिकाम्या स्टुलाकडे बघून हसत होता, म्हणाला, आज जमलं बघ. मी ओरडलो की मी थांबलो होतो, मी वाजवलंच नाही. दोघांपैकी एकानेही मान वळवली नाही. माझ्या पाठीला शर्ट लागत होते. ओलसर होते, आत्ताच घाम येऊन काढावेत तसे.

२९ सप्टेंबर

आईने माझं ताट वाढलं नाही. मी समोर बसलो होतो. मस्करी वाटली. मग तिला हाक मारली, खांद्याला धरलं, ओरडलो. तिने थंडी वाजल्यासारखी शाल ओढून घेतली.

संध्याकाळी शेजारीण आली. आई तिला सांगत होती — नझीहचा फोन आला होता. पोरगा कॅनडाला गेला. मला न सांगता गेला, मी अडवलं असतं ना. रडत होती आणि मग म्हणाली, बरं झालं, इथे काय ठेवलंय. एकदा बस्तान बसलं की फोन करेल.

आई, मी इथे आहे. तुझ्या समोर. खुर्चीत.

२ ऑक्टोबर

बेकरीवाल्याला मी दिसत नाही. टॅक्सीवाल्याला नाही. चर्चच्या पायरीवर बसलो, माणसं माझ्या जागी येऊन बसली.

फक्त लाइट गेली की — तेव्हा घरातल्या टेबलावर बोटं आपटली तर आवाज होतो. आईने ऐकला. “उंदीर,” म्हणाली.

५ ऑक्टोबर

तळघरात आलो. बाहेर कुठेच —

सहा खिळे. सहावा शर्ट माझा. कॉलरपाशी मीच शिवलेला टाका आहे. तो मी अंगातून काढला नव्हता. आता माझ्या अंगावर काय आहे ते मला दिसत नाही.

लाइट गेली की कळतं, आधीचे पाचही ड्रमर भिंतीला टेकून बसलेत. मांडीवर बोटं. कुणी बोलत नाही. एलियासला मी सांगितलं, आई विचारत होती. त्याची बोटं थांबली. मग पुन्हा सुरू.

सगळे एकदा थांबले होते. एकदाच. म्हणून आता —

११ ऑक्टोबर

नवीन मुलगी आली. जुमाना. किती खूश आहे! शर्ट तिथेच अंगात घातला. रुकुझला विचारलं, शेवटचा शर्ट कुणाचा? रुकुझ म्हणाला, तो कॅनडाला गेला. नाव विचारलं. नझीह म्हणाला, कमीलच ना?

नाही. नाही!

नियम सांगितला. ती हसली. म्हणाली, यात काय अवघड?

१९ ऑक्टोबर

अंधारात मी तिच्यासाठी ताल धरतो. तिला वाटतं रुकुझ आहे. हळूच म्हणाली, थँक्यू.

जुमाना, पळ.

ऐकू जात नाही. फक्त ठोके जातात.

२६ ऑक्टोबर

अल्बम आला. माझं गाणं पहिलं आहे. ड्रम — कमील.

पुढच्या अल्बमसाठी तिचंही गाणं होतं. नझीह नको म्हणतोय. तिचा चेहरा — तो चेहरा मला ठाऊक आहे. तरी बसली वाजवायला. मी जोरात आपटतोय, मांडीवर, भिंतीवर —

लाइट गेली.

थांबू नकोस. पोरी, थांबू नको —

काठ्या ठेवल्याचा आवाज. उठली.

पाचही जण माझ्याकडे वळलेत. तिच्या जागी वाजवायची पाळी आज माझी. स्टूल गरम आहे. हात आपोआप — लिहिता येत ना— कुणी हे वाचलंच तर आईला सांगा, मी कॅनडाला गेलेलो नाही. मी कमील नाही. माझं नाव वारू—