कोंबड्यांच्या पाण्याची सोय

॥ श्री ॥
कणकवली, ४ जानेवारी २०२५

गं. भा. कालिंदीस, रमावहिनीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनवर तू नुसतं हं हं करतेस, म्हणून लिहायला बसले. पुढच्या महिन्यात विकासभावोजींचं वर्षश्राद्ध. आठवडाभर आधी ये. चाळीमागच्या कोंबड्यांना पाणी कोण पाजणार, ही तुझी सबब मला पाठ आहे. ह्यांचं म्हणणं, पाचही कोंबड्या खाटकाला देऊन टाक, खोली भाड्याने लाव आणि कायमची इकडे ये. एकटी बाई करी रोडला कोंबड्या राखत बसली म्हणून लोक हसतात.

आणि टिकल्यांचं पाकीट अजून आरशामागे असेल तर टाकून दे. उगाच डोळ्यांसमोर नको.

तब्येत सांभाळ. लोभ आहेच, तुझाही राहू दे.

रमावहिनी

॥ श्री ॥
करी रोड, १९ जानेवारी

ती. सौ. रमावहिनींस, कालिंदीचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. कोंबड्या देणार नाही. ह्यांनी त्या पिल्लं असल्यापासून वाढवल्या आहेत. खोलीही देणार नाही. श्राद्धाला मात्र येईन, कारण पाण्याची सोय झाली.

मोरीच्या भिंतीवर निळं पिंप बसवलं. सकाळी नळाला पाणी आलं की ते आपोआप भरतं आणि बॉलकॉक वर आला की पाणी थांबतं. पिंपातून खुराड्यात पाइप नेला, त्याला खालून तोट्या लावल्या. कोंबडीने टोच मारली की थेंब पडतो. आधी मी पाइप सरळ नळालाच जोडला होता. जोराने दोन तोट्या उडाल्या आणि कोंबड्या भिजून माझ्यावरच ओरडत सुटल्या. शेजारच्या कमळाबाई दारातून म्हणाल्या, की आंघोळ झाली, आता पावडरही लाव गो त्यांना. बऱ्याच महिन्यांनी मी हसले.

पण टोच कुठे मारायची हे कोंबड्यांना कळेना. दुपारपर्यंत तहानलेल्या उभ्या. हे सांगायचे, कोंबडी लाल दिसलं की टोचते. मग मी आरशामागचं पाकीट काढलं. हे गेल्यापासून त्याला हात लावला नव्हता. प्रत्येक तोटीवर एक लाल टिकली चिकटवली. तांबडीने पहिली टोच मारली, मग बाकीच्यांनी. टिकल्या भिजून सुटायला लागल्या तशा मी काढून घेतल्या, पण तोवर कोंबड्या शिकल्या होत्या.

पाकिटात काही उरल्या. त्यातली एक मी लावली आहे. श्राद्धालाही तशीच येईन, आणि आटपलं की परत इथेच. चालणार नसेल तर आधी कळवा, मी घरीच ह्यांच्या फोटोला हार घालीन. आणि माझ्या नावाआधी गं. भा. लिहू नका. नुसतं कालिंदी पुरे.

दादांना नमस्कार. राग आला तर येऊ द्या, लोभ मात्र कमी करू नका.

आपली,
कालिंदी

॥ श्री ॥
कणकवली, २८ जानेवारी

चि. कालिंदीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक जेवायला येणार आहेत, ते जेवतील. दोन दिवस रागाने पडवीत एकटेच जेवले. आज विचारत होते, पिंप केवढं लागतं.

आहेस तशी ये. येताना आमच्या कोंबड्यांसाठी तोट्या आण. टिकल्या नकोत. माझ्याकडे आहेत, कोंबड्यांना पुरून तुलाही उरतील.

वाट बघते.
रमावहिनी