सुतळीच्या मदरबोर्डाची हकीकत

आदरणीय व्याहीबुवा,

तुम्हाला आणि विहीणबाईंना माझा वाकून नमस्कार. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला इतका उशीर झाला आहे की आता कोणत्या तोंडाने लिहावं हा प्रश्नच आहे. पण न लिहावं तर उशीर आणखी वाढतो, म्हणून बसलो. माफी असावी. कारण आळस नव्हे, कारण आपली नात. विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? जिना टाळतात ना? तुमचा रक्तदाब काय म्हणतो? रोज मोजू नका, रोज मोजल्याने तो वाढतो असं मला वाटतं. (माझा तर डॉक्टरांचं ते यंत्र नुसतं बघूनच वाढतो.) मी बरा आहे. परवा छातीत डावीकडे टोचल्यासारखं झालं होतं, पण ती सदऱ्यात राहिलेली टाचणी निघाली. मी सातवीतून शाळा सोडली आणि तुम्ही हेडमास्तर म्हणून निवृत्त झालात, हा फरक या पत्रात जागोजाग दिसेल. मागचं पत्र तुम्ही तांबड्या शाईने सुधारून परत पाठवलंत, आभारी आहे. या वेळी पाठवू नका. चिरंजीवांनी ते घरभर वाचून दाखवलं.

तुम्ही विचारलं होतं की सुतळी सध्या अभ्यास करते की खेळते. (सुतळी हे नाव मी ठेवलेलं आहे हे तुम्हाला आवडत नाही, ठाऊक आहे, पण पोरगी आहेच तशी बारीक, काय करणार.) तर व्याहीबुवा, ती दोन्ही एकदम करते. ती स्वतःच्या हाताने संगणक बांधते आहे. आणि तो साधा नव्हे, खेळाचा, आणि शिवाय ओव्हरक्लॉकिंगचा. हे ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीने प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलेला असतो त्यापेक्षा जास्त वेगाने त्याला पळवायचं, आणि त्यासाठी त्याला जास्त वीज पाजायची. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला घाम फुटला. आमच्या छापखान्यात मालकाने एकदा दिवाळखोरीच्या भीतीने मशीन असंच जादा वेगाने चालवायला लावलं होतं, तेव्हा पट्टा तुटून थेट हिशेबनिसाच्या टेबलावर जाऊन पडला आणि तो बिचारा पुढे कायमचा दचकत राहिला. मी सुतळीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘आजोबा, कंपनीच तशी सोय देते.’’ मी म्हटलं, ‘‘बांधणारा घराला गच्चीही देतो, म्हणून उडी मारायची का?’’ त्यावर ती फक्त हसली. हे हसणं तुमच्याकडून आलेलं आहे.

आता मुद्दा असा की या जादा वेगाच्या स्पर्धा असतात, आणि सुतळीने एका स्पर्धेत नाव दिलं आहे. ज्याचा प्रोसेसर न मरता सगळ्यांत जास्त पळेल तो जिंकला. चिरंजीवांनी (म्हणजे तुमच्या जावयाने, तुम्हाला हवं ते नातं लावा) स्पष्ट सांगून टाकलं की संगणक बांधून धड चालला तर स्पर्धा, नाहीतर सगळं सामान दुकानात परत आणि पुन्हा नाव काढायचं नाही. पोरीचा चेहरा एवढासा झाला. तेव्हापासून माझी झोप उडाली. घरात बाकी कुणाची उडाली नाही, माझीच उडाली.

सगळ्यांत अवघड काम निघालं ते मदरबोर्ड निवडण्याचं. मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळे भाग बसतात ती पाटी. छपाईच्या मशीनचा बिडाचा सांगाडा असतो ना, तो हलला की अक्षरं हलतात, तसं. तुम्ही सुतळीला फोनवर, वस्तू कुठली ते न विचारताच, सल्ला दिलात म्हणे, की सगळ्यांत वरचा नको, सगळ्यांत खालचा नको, मधला घे. चांगला सल्ला आहे. तुमची लेक म्हणते की बाबांनी आयुष्यात सगळंच मधलं घेतलं, आणि मग तिने आमच्या चिरंजीवांकडे बघितलं. (मी विषय वाढवला नाही.) पण व्याहीबुवा, मदरबोर्डात मधला म्हणजे कुठला हेच कळत नाही. तिथे वर आणि खाली अशी ओळच नाही, सगळे नुसते आडवे पसरलेले आहेत.

दुकानात ती मलाच घेऊन गेली. मुद्दाम सांगतो, घरात इतकी माणसं असून मलाच घेऊन गेली. (चिरंजीव कामावर होते आणि तुमच्या लेकीचं डोकं दुखत होतं हे खरं, पण न्यायचं नसतं तर एकटी गेली असती.) दुकान एका अरुंद जिन्याने वर, भिंती खोक्यांनी भरलेल्या, आणि प्रत्येक खोक्यावर ड्रॅगन, गरुड, ढाल-तलवार असं काहीतरी चितारलेलं. युद्धावर निघाल्यासारखं वाटलं. दुकानदार गलेलठ्ठ, कानात काहीतरी खुपसलेलं. त्याने पोरीकडे न बघता मला म्हटलं, ‘‘काका, नातीला गेमिंगला ना? हा घ्या, याचे लाइट बघा.’’ आणि बोर्डावर जत्रेसारखे रंगीत दिवे लागले. सुतळीने त्याला एवढंच विचारलं, ‘‘दिवे राहू द्या. प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग कितपत भक्कम आहे? त्याच्यावरचा हीटसिंक नुसता शोभेचा आहे की खरंच उष्णता ओढतो?’’ दुकानदाराने कानातलं काढलं. व्याहीबुवा, माझी छाती तिथल्या तिथे इतकी फुगली की मागचं एक खोकं पडलं.

मीही स्वस्थ बसलो नव्हतो. मला एवढं माहीत आहे की ज्या यंत्रात धातू जास्त ते यंत्र टिकतं. म्हणून मी एकेक बोर्ड दोन्ही हातांत घेऊन तोलत होतो. दुकानदार म्हणाला, ‘‘काका, हा भाजीबाजार नाही.’’ मी लक्ष दिलं नाही. शेवटी एक असा वजनदार बोर्ड सापडला की मन प्रसन्न झालं. मी तो छातीशी धरून जाहीर केलं की हाच. सुतळीने हळूच सांगितलं, ‘‘आजोबा, हा दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरचा आहे. आपला यात बसतच नाही.’’ मी म्हटलं, ‘‘जरा दाबून बघ.’’ दुकानातली दोन गिऱ्हाइकं तोंड फिरवून उभी राहिली. त्यांना खोकला झाला असावा.

मग उरले दोन. एक तो जत्रेवाला, आणि एक काळा, साधा, बिनदिव्यांचा, पण त्याचे हीटसिंक जाडजूड आणि त्यात बायोस दोन होते. बायोस म्हणजे बोर्डाची पहिली जाग. वीज आली की आपण कोण, आपल्याजवळ काय काय आहे, याची त्याला आठवण करून देणारी. ती गेली तर बोर्ड म्हणजे नुसती शोभेची फळी. सुतळी काळाच उचलत होती, तर दुकानदार म्हणाला, ‘‘ताई, दोन बायोस कशाला? दुसरा फक्त बायोस नवा करताना मधेच वीज गेली तर कामाला येतो. तुम्ही जाणत्या आहात, तुमच्या हातून काही गडबड व्हायची नाही.’’ ती म्हणाली, ‘‘माझ्या हातून नाही,’’ आणि तिने माझ्याकडे बघितलं. फार प्रेमाने बघितलं. मी दुकानदाराला म्हटलं, ‘‘तिला हवा तो द्या.’’

आता पुढचं लिहिताना हात जरा अडखळतो. सुतळीने जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं, तुमच्या लेकीने ताटं मांडीवर घेऊन जेवायला लावलं म्हणून चिरंजीव कुरकुरले, पण दुपारपर्यंत संगणक उभा राहिला. पंखे फिरले. मग तिने बायोस नवा करायला लावला. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. तेवढ्यात खालून कुणीतरी पार्सल घेऊन आल्याची हाक आली. ती जाताना मला म्हणाली, ‘‘आजोबा, याला अजिबात हात लावू नका हं.’’ मी संगणकाला हात लावला नाही. हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. पण तुम्हाला माझी नोकरी ठाऊक आहे. छापखान्यातून शेवटी बाहेर पडणारा मी. नियम असा की मशीनपाशी माणूस नसेल तर मेन स्विचची दांडी खाली, सगळी वीज बंद. त्याशिवाय मी जन्मात कुलूप लावलेलं नाही. खोलीत बघतो तर मशीन चालू आणि माणूस नाही. (मी होतो, पण मी काही त्या मशीनचा माणूस नव्हे.) पाय आपोआप घरातल्या बोळात मेनपाशी गेले आणि हात वर गेला. खट्.

घर गप्प झालं. फ्रिजसुद्धा गप्प झाला. चिरंजीव बाहेर आले, त्यांनी काळा पडदा बघितला, मला बघितलं, आणि म्हणाले, ‘‘झालं. आवरा आता हे दुकान.’’ सुतळी पार्सल घेऊन वर आली. ओरडली नाही. रडली नाही. मला एवढंच म्हणाली, ‘‘मेन?’’ मी मान हलवली. तिने जाऊन दांडी वर केली, पण संगणक काही उठला नाही. पंखे फिरायचे आणि पडदा काळाच. मला वाटलं, आता एक तर ही स्पर्धा गेली किंवा मी गेलो. मग तिने संगणक बंद केला, त्याच्या डब्यात नख घालून बोर्डावरची एक इवलीशी कळ सरकवली आणि पुन्हा चालू केला. पडदा उजळला! चिरंजीवांनी विचारलं, ‘‘हे कसं काय?’’ ती म्हणाली, ‘‘यात बायोस दोन आहेत ना. एक मेला तर दुसरा. घरात आजोबा आहेत म्हणून हाच बोर्ड घेतला.’’

चिरंजीव इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. तुमची लेक पदर तोंडाला लावून आत गेली. व्याहीबुवा, त्यांना ते हसण्यासारखं वाटलं. मला मात्र नाही. हे घर घेतलं तेव्हा मला जिना चढवेल का असं कुणी विचारलं नाही. टीव्ही घेतला तेव्हा मला ऐकू येईल का हे कुणी बघितलं नाही. आणि या पोरीने अख्ख्या बाजारातून बोर्ड निवडताना माझी एक सवय हिशेबात धरली, आणि वर मला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. ती म्हणते की दुसरा बायोस कंपनी सगळ्यांसाठीच बसवते. मी विचारलं, सगळ्यांसाठी म्हणजे कुणासाठी? ती पुन्हा संगणकाकडे वळली.

मग तिने वेग वाढवायला घेतला. थोडा वाढवायचा, थांबायचं, तापमान बघायचं, जोखायचं, पुन्हा थोडा. एकदा संगणक गोठला, तर चिडली नाही, वेग एक पायरी खाली आणला आणि पुन्हा सुरुवात. मी दर वेळी ‘‘पुरे’’ म्हणत होतो आणि दर वेळी ती ‘‘अजून एकदा’’ म्हणत होती. आमचा जुना मशीनमास्तर असाच मशीनला कान लावून दाब बसवायचा. चिरंजीवांनी शेवटी स्वतःहून खुर्ची ओढली आणि तिच्या मागे बसले. स्पर्धेला परवानगी मिळाली. तेव्हा अभ्यास की खेळ याचं उत्तर मला असं देता येतं की तुम्हीच येऊन बघा, आणि बघून काय म्हणायचं ते मलाही सांगा.

स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. मोठ्या सभागृहात प्रत्येकाला एक टेबल, आणि टेबलाशी घरातलं एक वडीलधारं माणूस बसू शकतं. बाकी सर्व क्षेम आहे. विहीणबाईंना नमस्कार, गुडघ्याला शेक द्यावा.

तुमचा,
व्याही

ता.क. घरातलं एकच माणूस, हे वर लिहिलं आहे ते तुमच्या नजरेतून सुटू नये म्हणून पुन्हा लिहितो. सुतळी म्हणते, ‘‘तुम्ही दोघा आजोबांनी ठरवा.’’ तुम्ही शिकलेले, समजूतदार. तेव्हा कंबर दुखत असल्याने प्रवास जमणार नाही असं तिला एक छोटं पत्र टाकाल का? कंबर खरोखरच दुखत असेल तर उत्तम, म्हणजे तुम्हाला खोटं लिहावं लागणार नाही.

दुसरा ता.क. वरचं लिहून पाकीट बंद केलं होतं, ते पुन्हा उघडलं आहे. कंबरेचं पत्र टाकू नका. आज ती सराव करत होती आणि प्रोसेसर इतका तापला की मी डोळे मिटून घेतले, आणि तरीही बघवेना म्हणून बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. स्पर्धेत ती शेवटचा वेग चढवेल तेव्हा मी उठून बाहेर येणार, हे मला आताच दिसतं आहे. अशा वेळी दाराशी आपलं माणूस हवं, मी बाहेर आलो की लगेच आत जाऊन बसणारं. तिने मान वळवली तर शेजारची खुर्ची रिकामी दिसता कामा नये. तुम्हाला त्यातलं काही कळत नाही, त्यामुळे तुम्हाला भीती वाटणार नाही. तिकीट काढलंत की लगेच कळवा. उत्तर येईपर्यंत माझ्या जिवाला चैन पडणार नाही. आणि चुका काढत बसू नका, तेवढ्यात दिवस जातात.